सांध्यावरची नक्षी

भिंत जेथे छताला मिळते, दाराची चौकट जेथे भिंतीत शिरते आणि जमीन जेथे भिंतीच्या पायाशी थांबते, अशा ठिकाणी घर उघडे पडते. गवंड्याने कितीही काळजीने ओळंबा धरला आणि सुताराने कितीही वेळा गुण्या लावला, तरी दोन निरनिराळ्या वस्तू एकमेकींना भेटल्या की त्यांच्यामध्ये फट ही राहतेच. या फटीवर बसविलेली लाकडाची अरुंद पट्टी म्हणजे आजच्या बोलीतील ‘मोल्डिंग’. तिच्यावर कधी नुसता गोलवा असतो, कधी वेल असते, कधी पाकळ्यांची रांग असते. पाहुण्याचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. घरधनीही ती एकदा बसवून झाली की तिला विसरून जातो. तथापि या पट्टीला इतिहास आहे, आणि तो केवळ सौंदर्याचा इतिहास नाही. आपल्या घरात ती कोण लावू शकला आणि कोण लावू शकला नाही, असे विचारीत गेले म्हणजे वाट दिवाणखान्यातून निघून थेट रानात पोहोचते. बालाघाटसारख्या वनसंपन्न जिल्ह्यात तर ही वाट फारच थोड्या अंतराची आहे.

प्रथम या पट्टीचे काम काय, ते पाहिले पाहिजे. लाकूड तोडून वाळविले तरी ते पुरते स्थिर होत नाही. पावसाळ्यात ते हवेतील ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात ती ओल सोडून आकसते. ही हालचाल फळीच्या लांबीत जवळजवळ नसतेच. ती रुंदीत असते. त्यातही खोडाच्या वर्तुळांना धरून ती जेवढी होते, त्याच्या साधारण निम्मी गाभ्याकडून सालीकडे होते. वैनगंगेच्या खोऱ्यात वैशाखातील कोरडे ऊन आणि श्रावणातील संततधार यांच्यामध्ये अवघ्या दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. तेवढ्या अवधीत रुंद फळी कोरडेपणाच्या एका टोकापासून ओलाव्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येते.

म्हणून जुन्या सुतारांनी एक नेम कटाक्षाने पाळला. रुंद फळी चारी बाजूंनी ठोकून बांधायची नाही. ती चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची आणि खाचेच्या कडेवर नक्षीची पट्टी लावायची. पट्टीचा खिळा चौकटीत जातो, फळीत जात नाही. आतल्या आत फळी सरकते आणि पट्टी तिचे सरकणे झाकते. उत्साहाच्या भरात दोहींतून खिळे मारले, तर तीच फळी पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात उभी चिरते. कोपऱ्याचेही असेच आहे. भिंतींचा कोपरा कागदावर ९० अंशांचा असतो, प्रत्यक्षात तो क्वचितच तसा उतरतो. दोन्ही पट्ट्यांची टोके ४५ अंशांत तिरपी कापून एकमेकींना भिडविली, तर कोन जेवढा चुकलेला असेल तेवढी फट उघडी दिसते. यास्तव अनुभवी कारागीर आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेतो आणि दुसरीचे टोक पहिलीच्या घाटाबरहुकूम कोरून तिच्या अंगावर बसवितो. मग कोन थोडाबहुत चुकला तरी सांधा फाकलेला दिसत नाही. तात्पर्य, जिला आपण शोभा म्हणतो ती मुळात घराच्या हालचालीशी आणि चुकीशी केलेली तडजोड आहे. शोभा नंतर आली. पण एकदा आल्यावर ती माणसाला एवढी आवडली की, गरज संपली तरी ती गेली नाही.

गरज संपल्यावरही उरलेल्या अशा लाकूडकामाचा एक फार प्राचीन नमुना महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळ कार्ले येथे सुमारे २००० वर्षांपूर्वी डोंगर खोदून चैत्यगृह निर्माण केले गेले. त्याची लांबी सुमारे १२४ फूट असून आत ३७ खांब आहेत. वरचे कमानदार छत अखंड खडकाचे आहे. ते पेलून धरण्यासाठी कशाचीही जरुरी नाही. तरीही त्या छताच्या पोटाला लाकडाच्या वाकविलेल्या फासळ्या ओळीने बसविलेल्या आहेत, आणि त्या आजही तेथे दिसतात. त्या काहीही उचलून धरीत नाहीत. ज्यांनी हे लेणे खोदले त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी सभागृहे होती. लाकडी सभागृहाला फासळ्या असतात, म्हणून दगडी सभागृहालाही त्या हव्याच होत्या. खोलीत केवळ दिसण्यासाठी लाकूड बसविण्याची ही रीत आपल्याकडे अशी २००० वर्षांची आहे.

पुढे दगडाने लाकडाची ही आठवण आपल्या अंगातच कोरून घेतली. देवळाच्या पायथ्याच्या थरांना शिल्पशास्त्रात खुर, कुंभ, कलश, कपोत अशी नावे आहेत. पद्म, कुमुद, कर्णिका, पट्टिका हीही त्यांच्याच कुळातली. बाहेर फुगलेला गोल थर तो कुमुद, वळचणीसारखा पुढे झुकलेला तो कपोत, सपाट अरुंद ती पट्टिका. युरोपातही हाच अनुभव आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, ग्रीक देवळांच्या दगडी पट्ट्यांवर दिसणारे दात्यांसारखे आणि खाचांसारखे आकार हे मूळच्या लाकडी तुळयांच्या टोकांवरून आलेले आहेत. सुताराची भाषा मात्र शास्त्रापेक्षा सुटसुटीत असते. हिंदी मुलखातील सुतार फुगीर घाटाला गोला आणि खोलगट घाटाला गलता म्हणतो, आणि जगातील बहुतेक सर्व पट्ट्या या दोन घाटांच्या उलटसुलट मांडणीतून तयार होतात.

मराठी राज्यात या कलेला वाड्यांनी आश्रय दिला. वाड्याच्या चौकाभोवती सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते लाकडी खांब उभे राहिले. खांबांच्या माथ्याशी केळफुले लोंबू लागली. दारावर गणेशपट्टी आली आणि छताला कडीपाट. दोन खांबांच्या मधली महिरप ही तर या काळाची खूणच होय. ती कमानीसारखी दिसते, पण कमानीचे काम करीत नाही. वरचा भार तुळई वाहते. महिरप ही तुळईखाली बसविलेली, कोरलेल्या पातळ लाकडाची शोभा असते. कार्ल्याच्या फासळीचीच ती दूरची वंशज म्हणावयास हरकत नाही.

परंतु लाकूड येणार कोठून, हा प्रश्न त्या काळीही होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी त्याची चर्चा आली आहे. राज्याच्या रानातील साग, शिसव यांसारखी झाडे लागतील तेवढी हुजुराची परवानगी घेऊन तोडावी. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फार जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच ते न्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. परसातले झाड रयतेचे, पण रानातला साग राज्याचा. सागाला हात लावण्याआधी कोणाला तरी विचारावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. फक्त विचारायचे कोणाला, ते वेळोवेळी बदलत गेले.

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांती २२ जानेवारी १७३२ रोजी. त्याला साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला असे सांगतात. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत त्याचे सारे लाकूडकाम जळून गेले आणि मागे दगडी जोती तेवढी राहिली. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ च्या आगीत गेला. जे वाचले त्याच्या सज्जावरून आणि खांबांवरून त्या वेळच्या हाताची कल्पना येते. नागपुरात भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर विपुल लाकडी कोरीवकाम होते. तो १८६४ मध्ये जळाला. वेशीसारखे मोठे प्रवेशद्वार तेवढे शिल्लक राहिले. लाकडाच्या इतिहासाची ही मोठीच अडचण आहे. राजवाडे जळतात, साधी घरे पाडली जातात आणि पुरावा चुलीत जातो.

भोसल्यांच्या या राज्यातच बालाघाटचा मुलूख मोडत असे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे भाग एकत्र करून १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. खाली वैनगंगेचे भाताचे खोरे, वर परसवाडा-बैहरचे पठार, अशी याची ठेवण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पठारावर वस्ती अगदी विरळ होती. परसवाड्याकडची पहिली गावे लच्छमन नाईक नावाच्या पुरुषाने वसविली. पुढे जिल्ह्याचे पहिले डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफिल्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना बैहरकडे येण्यास उत्तेजन दिले. गोंड आणि बैगा मात्र या रानात पूर्वीपासूनच राहत होते.

या रानात दोन झाडांचे राज्य आहे. वरच्या पठारावर सरई, म्हणजे साल. आणि इतरत्र उतारांवर साग. दोन्ही थोर, परंतु स्वभाव निराळे. सरईचे लाकूड जड, कणखर आणि आडव्यातिडव्या शिरांचे. त्यावर रंधा नीट चालत नाही. साग तेलकट, सरळ रेघांचा आणि हवामानाने कमी हलणारा. त्याच्यावर बारीक घाट सुबक उठतो आणि टिकतो. म्हणून सरई रेल्वेच्या रुळांखाली गेली आणि साग दारा-खिडक्यांत व दिवाणखान्यांत गेला. १८६० च्या दशकात रेल्वेच्या कंत्राटदारांनी मध्य प्रांताच्या रानांवर एवढ्या कुऱ्हाडी चालविल्या की, सरकारलाच धाक पडला. त्याच सुमारास या प्रांतात वनखाते उभे राहिले. त्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी या डोंगरी मुलखाविषयी लिहिलेला ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७८ च्या कायद्याने राखीव रानाची कल्पना पक्की केली, आणि सागाचा मालक आता हुजूर नव्हे, तर खाते झाले. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. रानातले लाकूड दूरच्या बाजारात जाण्याची वाट त्यामुळे सोपी झाली. ही छोटी रेल्वे पुढे शतकभर चालली. तिच्या जागी आता मोठे रूळ आले आहेत.

सर्वच रान मात्र सरकारी नव्हते. १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि गावाबरोबर गावचे रानही त्यांच्या हाती आले. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, बालाघाटकडे तसेच भंडाऱ्याकडे, मालगुजारांच्या घरांना लोक वाडाच म्हणत. आपल्याच रानातला साग, आपल्याच ओसरीवर बसविलेला सुतार आणि घाईचे कारण नाही, अशी स्थिती असल्यावर चौकटीला वेल आणि तुळईला पाकळ्या येणे स्वाभाविक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली. १९५१ मध्ये तो अमलात येताच ही रानेही शासनाकडे गेली. हा कायदा न्यायाचा होता, यात संशय नाही; कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मालक त्याने दूर केला. परंतु त्याबरोबर घरच्या सागाचे दिवसही सरले. यापुढे मालगुजाराच्या नातवालाही डेपोच्या लिलावातील भावाने लाकूड घ्यावे लागणार होते. पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, प्रांतरचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नदी एक, घरांची ठेवण एक, पण रानाचे नियम करणाऱ्या राजधान्या दोन झाल्या.

ज्यांच्या दाराशी साग वाढत होता, त्या गोंड-बैगांचे काय? त्यांच्या घरात सागाची कोरीव पट्टी सहसा कधी आलीच नाही. निस्ताराच्या नियमांनी गावकऱ्यांना घराचे वासे, नांगराचे लाकूड आणि जळण सवलतीने मिळे. त्यात नक्षीचा हिशेब नव्हता. पण शोभेची गरज काही निस्ताराच्या यादीवर अवलंबून नसते. मंडला-बालाघाटकडच्या गोंड घरांतून बायका ओल्या मातीने भिंतीवर उठावाच्या पट्ट्या, चौकटी आणि आकृत्या काढतात. मंडल्याकडे या कामाला नोहडोरा म्हणतात. भिंतीच्या तळाशी निराळ्या रंगाच्या मातीचा रुंद पट्टा ओढण्याचीही रीत आहे. पावसाचे शिंतोडे आणि झाडूचे फटकारे याच भागावर बसतात. तो पट्टा पुन्हा सारवला की, भिंत नवी होते. बंगल्यातील स्कर्टिंग नेमके हेच काम लाकडात करते. लाकूड दुसऱ्याचे असेल, पण माती आपली आहे, एवढेच जणू या भिंती सांगतात. २००६ च्या वनाधिकार कायद्याने रानातील रहिवाशांना गौण वनोपजावर, बांबूसुद्धा, हक्क दिला; मात्र इमारती लाकूड त्या गौण वनोपजात धरलेले नाही. सागाला हात लावण्यापूर्वी विचारावे लागते, ते अजूनही लागते.

साहेबी बंगल्यांबरोबर पट्टीची एक नवी पलटण आली. जमिनीलगत स्कर्टिंग, खुर्चीची पाठ भिंतीला घासू नये म्हणून कमरेच्या उंचीवर दुसरी, चित्रे टांगण्यासाठी वर तिसरी, आणि छताच्या सांध्यावर चौथी. येथेही प्रत्येकीला काम होते. मात्र या पट्ट्या लांबच्या लांब आणि एकाच घाटाच्या लागत, आणि तेथेच यंत्राचा शिरकाव झाला. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राचे पेटंट १८२८ मध्ये घेतले. पुढे पात्यांना घाट देऊन हजारो फूट पट्टी एकसारखी काढणे शक्य झाले. ज्या वर्षी शनिवारवाड्याचे हातकाम जळाले, त्याच वर्षी हाताची जागा घेणाऱ्या यंत्राचे पेटंट निघावे, हा केवळ योगायोग. पण इतिहासात असे योगायोग लक्षात राहतात.

आपल्याकडील सुतार त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्या पेटीत गोल्याचा आणि गलत्याचा असे निरनिराळे रंधे बाळगून होता. एकेका रंध्याचे पाते एकेका घाटाचे. आता हे रंधे दुर्मिळ झाले आहेत. बाजारात लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली एमडीएफची पट्टी मिळते, पीव्हीसीची मिळते, थर्मोकोलचीही मिळते. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. सागाच्या भावाने ज्याला कधी शोभा परवडली नसती, त्याच्या खोलीत ती यांच्यामुळे आली. एमडीएफ सागासारखी रुंदीत आकसत नाही. मात्र ओल लागली की तिच्या कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. म्हणून ओल चढणाऱ्या भिंतीच्या तळाशी ती लावणे शहाणपणाचे नव्हे. तेथे सागच हवा, किंवा मग सरळ दगड अथवा फरशी.

आणि साग हवा असेल तर त्यासाठी नवे झाड पाडलेच पाहिजे असे नाही. वाडे आणि जुनी घरे आज सर्वत्र पाडली जात आहेत. त्यांतून निघणाऱ्या चौकटी, तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या पुष्कळदा वजनावर विकल्या जातात, आणि उरलेल्या जळणात जातात. वस्तुतः कित्येक दशके मुरलेले ते लाकूड नव्या सागापेक्षा स्थिर असते. जी हालचाल व्हायची ती त्याची बहुतेक होऊन गेलेली असते. खिळे काढून, वाळवीचा भाग टाकून, आतील गाभा रंधून घेतला तर त्यातून एका खोलीच्या पट्ट्या सहज निघतात. घर पाडण्यापूर्वी चौकटीवरच्या नक्षीचा एखादा कागदी छाप किंवा छायाचित्र घेऊन ठेवायला तर काहीच लागत नाही. आणि राजवाडे जळून गेले असता साध्या घरांचा हाच पुरावा आपल्यापाशी उरणार आहे.

बालाघाटच्या रानाने आजवर किती दिवाणखाने सजविले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. रानाचा मालक बदलला तसा पट्टीचा धनीही बदलत गेला: प्रथम राजा, मग मालगुजार आणि बंगल्यातला साहेब, आणि आता ज्याच्यापाशी लिलावाचे पैसे असतील तो. झाडाच्या शेजारी राहणारा मात्र या यादीत अद्याप आलेला नाही. आपल्या खोलीत पट्टी बसविताना घाट कोणता, रंग कोणता हे प्रश्न आपण विचारतोच. त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावे: हे लाकूड कोठून आले, आणि ते ज्याच्या दाराशी वाढले त्याच्या पदरात काय पडले? त्यांची उत्तरे देता येतील असे लाकूड आपल्या घरात असावे, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.